साखळी ओढली, पण गाडी थांबणार कुठे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो आरेपासून थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली. ३३.५ किलोमीटरचा मार्ग, २७ स्थानके, आणि त्या सत्तावीसांत एक स्थानक काळबादेवीचे. कापडाच्या धंद्यातील माणसाला काळबादेवी म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. मुळजी जेठा मार्केटचा शेजार तो. औरंगाबादच्या शहागंज, सिटी चौक आणि गुलमंडीचे दुकानदार वर्षानुवर्षे देवगिरीने किंवा तपोवनने मुंबई गाठतात, दादरला किंवा व्ही.टी.ला उतरतात आणि टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालीत बाजारात पोहोचतात. मालेगावचे यंत्रमागवाले बांधव मनमाडहून गाडी धरतात, त्यांचीही तीच तऱ्हा. आता दादर आणि व्ही.टी. ही दोन्ही ठिकाणे या भुयारी मार्गावर आहेत. तेव्हा आमच्यापैकी अनेकजण त्या गाडीत बसून आले आहेत, आणि जे गेले नाहीत ते जाणार आहेत.

बसून आलेल्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. त्या गाडीत साखळी कुठे आहे? खिडकीच्या वर लाल मुठीची साखळी शोधण्याची आपल्या डोळ्यांना सवय. मेट्रोत ती नाही. दरवाजाजवळ लाल बटण किंवा दांडी असते आणि बाजूला बोलण्यासाठी जाळी. त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी की दोन स्थानकांच्या मध्ये ते बटण दाबले, तरी गाडी बहुधा तिथल्या तिथे थांबत नाही. ती पुढे धावत राहते. हे ऐकून काही जण रागावतात. जीव जाण्याची वेळ आली आणि गाडी थांबत नसेल तर बटण कशाला, असे त्यांचे म्हणणे.

राग समजण्यासारखा आहे, पण हकीकत वेगळी आहे. ती आपल्यासारख्या सतत प्रवास करणाऱ्यांनी नीट समजून घ्यावी म्हणून आज मालाचे भाव आणि सुताचा बाजार बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे.

आपली जुनी साखळी

आधी जुन्या साखळीचे काम कसे चालते ते पाहू. गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हवेची नळी असते. तिच्यात पाच किलोचा दाब भरलेला असतो, आणि दाब भरलेला आहे तोवरच ब्रेक सुटलेले असतात. साखळी ओढली की त्या डब्यातील एक झडप उघडते, हवा फुसकन् बाहेर पडते, इंजिनातील काटा खाली येतो आणि ब्रेक लागू लागतात. चालकाला कळते की कुणीतरी साखळी ओढली. मग तो गाडी थांबवतो. कुठल्या डब्यातून ओढली हे मात्र त्याला बसल्या जागी नेमके समजत नाही. गार्ड (रेल्वेने २०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणायला सुरुवात केली) आणि सहायक चालक खाली उतरून डबे पाहत चालतात. जुन्या डब्यांना टोकाशी एक खूण फिरलेली दिसते, नव्या डब्यांना दिवा लागतो आणि आवाज होतो. डबा सापडला की चौकशी होते, झडप बंद होते, हवा पुन्हा भरते आणि मग गाडी हलते.

व्यवस्था साधी आहे आणि आपल्या जागी चोख आहे. तिची उणीव एकच: साखळीला जागा कळत नाही. गाडी फलाटावर उभी आहे की पुलावर, बोगद्यात आहे की वळणावर, शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी येते आहे की नाही, यातले तिला काही ठाऊक नसते. ओढली की हवा सोडायची, एवढेच तिचे काम.

आणि ती ओढतो कोण? येथे आपल्या व्यापारी बांधवांची थोडी खरडपट्टी काढणे आवश्यक वाटते. आजार, आग, पडलेला माणूस यासाठी साखळी ओढणारे थोडे. हमालाने दोन गठ्ठे चढवले आणि तिसरा फलाटावर राहिला, घरचा माणूस पाणी भरायला उतरला आणि गाडी सुटली, नातेवाइकांचे गाव स्टेशनाच्या अलीकडे आहे, अशा कारणांसाठी साखळी ओढणारे जास्त. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १४१ याच गुन्ह्याचे आहे. विनाकारण साखळी ओढली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या खेपेस निदान पाचशे रुपये दंड आणि पुन्हा सापडला तर निदान तीन महिने कैद, असे कायदा म्हणतो. हजार रुपयांचे भय आज कुणाला वाटत नाही हेही खरे. पण मनमाडपासून इकडचा आपला मार्ग बहुतांशी एकेरी आहे. एक गाडी अडली की समोरची गाडी पुढच्या स्टेशनात क्रॉसिंगसाठी खोळंबते, तिच्यामागची आणखी. एका गठ्ठ्यापायी किती जणांचा बाजाराचा दिवस बुडतो, याचा हिशेब आपल्यापेक्षा चांगला कोण करील?

तरी वेळ बुडण्याची गोष्ट लहान आहे. मोठी गोष्ट आमच्या शेजारी, अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे घडली.

परधाडेजवळचा तो दिवस

२२ जानेवारी २०२५ रोजी दुपारनंतर लखनौहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्सप्रेस जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ माहेजी ते परधाडे या दोन स्टेशनांच्या दरम्यान थांबली. डब्यात आग लागल्याची आवई उठली होती आणि कुणीतरी साखळी ओढली होती. गाडी थांबताच घाबरलेले प्रवासी भराभर खाली उतरले, आणि काही जण शेजारच्या रुळावर उतरले. त्याच रुळावरून बंगळूरहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान बारा माणसे गेली. त्यांत नेपाळहून पोटापाण्यासाठी मुंबईला निघालेले मजूरही होते. अल्लाह त्यांच्या घरच्यांना सब्र देवो.

पुष्पकच्या चालकाने नियमाप्रमाणे धोक्याचा दिवा लावला होता आणि कर्नाटकच्या चालकाने तो पाहून ब्रेकही लावले, पण वळणामुळे अंतर पुरले नाही, असे रेल्वे अधिकाऱ्यांनी त्यावेळी सांगितले. म्हणजे साखळीने आपले काम केले, पहिल्या चालकाने केले, दुसऱ्यानेही केले. तरीही माणसे मेली, कारण गाडी जिथे थांबली ती थांबण्याची जागा नव्हती. तीच साखळी परधाडेच्या फलाटावर ओढली गेली असती तर लोक फलाटावर उतरले असते, फार तर चेंगराचेंगरीत काहींना लागले असते.

मेट्रोची आणि आपोआप चालणाऱ्या गाड्यांची व्यवस्था करणाऱ्यांनी नेमका हाच मुद्दा धरला आहे. संकटाची हाक आली की थांबायचे हे ठीक. पण कुठे?

गाडीला स्वतःचा पत्ता माहीत असतो

आजच्या मेट्रोत गाडी आपण कुठे आहोत हे सतत मोजत असते. चाकांचे फेरे मोजले जातात. रुळांच्या मध्ये ठरावीक अंतरावर पट्ट्या बसवलेल्या असतात, गाडी वरून गेली की पट्टी तिला नेमकी जागा सांगते आणि मोजणीतली चूक तिथे दुरुस्त होते. ही जागा रेडिओने नियंत्रण कक्षाला कळत राहते. पुढची गाडी किती दूर आहे आणि किती वेगाने जायचे, हे त्यावरून ठरते. सीबीटीसी या नावाने ही पद्धत ओळखली जाते. मुंबईच्या नव्या मेट्रो मार्गांवर आणि पुण्यात ती आहे. दिल्लीने तर २८ डिसेंबर २०२० पासून जनकपुरी पश्चिम ते बोटॅनिकल गार्डन या मार्गावर चालकाविना गाडी सुरू केली. काळबादेवीवरून जाणाऱ्या भुयारी मेट्रोच्या गाड्याही चालकाविना धावण्याच्या क्षमतेच्या बांधलेल्या आहेत. मात्र सुरुवात चालक ठेवूनच झाली.

जागा माहीत असल्यामुळे बटण दाबल्यावर काय करायचे हे जागेप्रमाणे ठरवता येते. अशा गाड्यांची सर्वसाधारण रीत अशी. गाडी फलाटावर उभी असताना बटण दाबले तर ती सुटतच नाही. कर्मचारी येऊन पाहून बटण पूर्ववत करीपर्यंत ती तिथेच. गाडी फलाटातून निघते आहे आणि तिचा काही भाग अजून फलाटाला लागून आहे, तर ताबडतोब ब्रेक. आणि गाडी फलाट सोडून गेली असेल तर ब्रेक नाही. ती पुढच्या स्थानकापर्यंत जाते, थांबते, दरवाजे उघडते आणि उघडेच ठेवते. मधल्या दीड-दोन मिनिटांत जाळीतून आवाज येतो, काय झाले ते विचारले जाते. कॅमेऱ्यातून त्या डब्याचे चित्रही बहुतेक ठिकाणी दिसते. पुढच्या फलाटावर माणसे सज्ज होतात.

मध्ये न थांबण्याची ही रीत केवळ सोयीसाठी नाही. २८ ऑक्टोबर १९९५ रोजी अझरबैजानची राजधानी बाकू येथे भुयारी रेल्वेला आग लागली. गाडी उल्दुझ स्थानकातून निघाली होती. विजेच्या बिघाडाने लागलेली आग घेऊन ती बोगद्यात, मागच्या स्थानकापासून सुमारे दोनशे मीटरवर अडकली. बोगदा धुराने भरला. २८० हून अधिक माणसे गेली, आणि त्यांतली बरीच ज्वाळांनी नव्हे तर धुराने. मागचे स्थानक दोनशे मीटरवर म्हणजे शहागंजच्या घड्याळापासून चार दुकाने पलीकडे. पण अंधारात, धुरात, बंद डब्यातून ते दोनशे मीटर पार करता येत नाहीत. भुयारी रेल्वेवाल्यांनी जगभर यातून एक धडा घेतला: आग लागलेली गाडी चालू शकत असेल तर तिला बोगद्यात थांबू द्यायचे नाही, फलाटावर आणायचे.

आग नसली तरी मध्ये थांबणे हा मोठा त्रास आहे, हे मुंबईने १९ ऑगस्ट २०२५ रोजी पाहिले. मुसळधार पावसात गर्दीने भरलेली मोनोरेल म्हैसूर कॉलनीजवळ उंच खांबांवर अडकली. आत पाचशेहून अधिक प्रवासी, वीज बंद, हवा बंद. अग्निशमन दलाने शिड्या लावून कित्येक तासांनी एकेकाला खाली उतरवले. खांबांवरचा मार्ग असो की बोगदा, माणूस उतरणार कुठे हा मसला तोच. काही शहरांत तर विजेचा तिसरा रूळ जमिनीलगत असतो (कोलकाता आणि बंगळूरच्या मेट्रोत तो आहे). तिथे मनाने खाली उतरणे म्हणजे मरणच.

फलाट सुटण्याचे ते तेरा-चौदा सेकंद

आता मूळ गोष्टीकडे येऊ. फलाटाजवळ बटण दाबले तर काय? इंजिनीअर मंडळींचा सगळ्यात बारीक विचार इथेच लागला आहे, आणि त्यातला हिशेब आपल्या दुकानातील गजाच्या हिशेबाहून अवघड नाही.

आठ डब्यांची गाडी साधारण १८० मीटर लांब धरा आणि फलाटही तेवढाच. सुटल्यावर गाडी दर सेकंदाला सेकंदी एक मीटरने वेग वाढवते, असे ढोबळ मानू. पाच सेकंदांत ती बारा-तेरा मीटर पुढे जाते, दहा सेकंदांत ५० मीटर, आणि शेवटचा डबा फलाट सोडतो तेव्हा सुमारे १९ सेकंद झालेले असतात. म्हणजे कुणी म्हणेल, एकोणीस सेकंदांपर्यंत ब्रेक लावायला हरकत नाही. पण ब्रेक लावला की गाडी त्याच जागी खिळत नाही.

दहाव्या सेकंदाला बटण दाबले असे समजा. गाडीचा वेग तेव्हा ताशी ३६ किलोमीटर. यंत्राला समजून ब्रेक धरण्यात एक सेकंद, म्हणजे १० मीटर. जोराच्या ब्रेकने थांबण्यात आणखी सुमारे ३८ मीटर. गाडी एकूण शंभर मीटर जाऊन थांबते. मागचे ८० मीटर, म्हणजे तीन डबे पूर्ण, अजून फलाटाला लागून आहेत. उत्तम. कर्मचारी त्या डब्यांचे दरवाजे उघडतील, पुढच्या डब्यांतली माणसे आतून मागे चालत येतील, आणि गाडीला काही अडकले असेल तर तिथे धावत पोहोचता येईल.

आता तेच बटण पंधराव्या सेकंदाला दाबा. गाडी ११२ मीटर पुढे गेलेली आहे आणि वेग ताशी ५४. एक सेकंदात १५ मीटर, ब्रेकने थांबण्यात ८६. एकूण २१३ मीटर. गाडीचे शेपूट फलाटापासून ३० मीटरहून अधिक पुढे जाऊन बोगद्यात थांबले! बटण दाबले तेव्हा शेवटचे तीन डबे फलाटावर होते, तरीही थांबली ती बोगद्यातच. ना इकडची ना तिकडची. असे थांबण्यापेक्षा पुढच्या स्थानकात गेलेली बरी.

तेव्हा 'गाडी आत्ता कुठे आहे' एवढे पाहून भागत नाही. 'ब्रेक लावल्यावर ती कुठे थांबेल' हे पाहावे लागते. आमच्या या ढोबळ आकड्यांप्रमाणे ही हद्द तेरा-चौदा सेकंदांच्या आसपास येते. प्रत्येक मार्गाचा उतार, गाडीची लांबी आणि ब्रेकची ताकद वेगळी, त्यामुळे खरी हद्द प्रत्येक ठिकाणी वेगळी बसवलेली असते.

युरोपच्या मोठ्या रेल्वेने यासाठी नियम लिहून ठेवला आहे. दरवाजे बंद होऊन कुलूप लागल्यापासून शेवटचा डबा फलाट सोडेपर्यंत गाडी 'फलाटातून निघते आहे' असे मानायचे. त्या वेळात प्रवाशाने हाक दिली तर ब्रेक लागलाच पाहिजे. फलाट ओळखण्याचे यंत्र ज्या गाडीत नाही, तिच्यासाठी वेग ताशी १५ च्या आसपास पोहोचला किंवा गाडी शंभरेक मीटर गेली, यांपैकी जे आधी होईल तिथे फलाट संपला असे धरतात. त्यानंतर मात्र चालकाला दहा सेकंद मिळतात. त्याने 'समजले' असे बटण दाबले तर गाडी पुढे योग्य जागी नेता येते. त्याने काहीच केले नाही तर ब्रेक आपोआप लागतो, कारण चालकच बेशुद्ध पडला असेल तर? आम्हाला या नियमातील ही शेवटची तरतूद फार आवडली. माणसावर विश्वास ठेवायचा, पण दहाच सेकंद.

आपला माल आणि त्या गाडीचा दरवाजा

फलाटाजवळच्या या सेकंदांचा एवढा खल कशासाठी? त्याचे कारण आपल्या दुकानातच टांगलेले आहे.

१४ डिसेंबर २०२३ रोजी दिल्ली मेट्रोच्या इंद्रलोक स्थानकात एका बाईचे कपडे दरवाजात अडकले. दरवाजा बंद झाला, गाडी निघाली, ती फरफटत गेली. दोन दिवसांनी इस्पितळात तिचा मृत्यू झाला. तो मार्ग चालकाविना धावणारा नव्हता, गाडीत चालक होता. दरवाजाने कपडा ओळखला नाही आणि चालकाला दिसला नाही.

दरवाजा का ओळखत नाही, हे कापडवाल्याने सांगावे. दोन फळ्यांच्या कडांना रबर असते. मध्ये हात आला, पिशवी आली तर फळ्या पूर्ण मिटत नाहीत, यंत्राला ते कळते आणि दरवाजा परत उघडतो. पण जॉर्जेटचा दुपट्टा किती जाड? अर्धा मिलीमीटरही नाही. शिफॉन, नायलॉन, बुरख्याचे हलके कापड, सुती साडीचा पदर, सगळी त्याच हिशेबातली. रबर ते गिळून टाकते. यंत्राच्या लेखी दरवाजा बंद झाला, कुलूप लागले, गाडी सुटायला मोकळी. आणि कापड पातळ असले तरी कच्चे नसते. ज्या मजबुतीची आम्ही गिऱ्हाइकाला ग्वाही देतो तीच इथे वैरी होते. पदर फाटत नाही, माणूस ओढला जातो.

या वेळी डब्याच्या आत, दरवाजाजवळ उभा असलेला प्रवासी हा एकच साक्षीदार असतो. त्याला कापडाचे टोक आत दिसते आणि काचेतून बाहेरची बाई दिसते. त्याने त्या क्षणी लाल बटण दाबले तर गाडीचा वेग अजून माणसाच्या धावण्याएवढाच असतो आणि ती पंधरा-वीस मीटरांत उभी राहते. त्याने 'पुढच्या स्टेशनावर सांगू' म्हणून वाट पाहिली तर सगळे संपले. म्हणून फलाट सुटताना यंत्राने विचारपूस न करता ब्रेक लावायचा, आणि फलाट सुटल्यावर आधी विचारायचे, अशी ही विभागणी झाली. पहिल्या प्रसंगी धोका बहुधा गाडीच्या बाहेर, दरवाजाशी असतो. दुसऱ्या प्रसंगी तो आत, डब्यात असतो.

बाहेरच्या माणसाच्या हातीही एक साधन आहे, आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. मेट्रोच्या फलाटांवर भिंतीला किंवा खांबाला लाल रंगाचे आपत्कालीन बटण असते. ते दाबले की त्या फलाटात येणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या गाडीला ब्रेक लागतो. फलाटावरून कुणी रुळावर पडले, कुणाचा पदर अडकला, तर गाडीमागे ओरडत धावण्यापेक्षा त्या बटणाकडे धावावे. स्थानकात शिरताना ते कुठे आहे हे एकदा पाहून ठेवायला दोन सेकंद लागतात.

मुंबईच्या भुयारी मार्गावर फलाटाच्या कडेला काचेचे दरवाजे आहेत, ते गाडीच्या दरवाजाबरोबरच उघडतात आणि मिटतात. त्यामुळे रुळावर पडण्याचे भय गेले. पण दोन दरवाजे झाले म्हणजे मधली फट आली. २२ जानेवारी २०२२ रोजी चीनमधील शांघाय येथे एक वृद्ध बाई अशाच दोन दरवाजांच्या मध्ये सापडली आणि दगावली. बीप वाजू लागल्यावर शिरण्याची घाई करू नये, ही एहतियात कुठल्याही यंत्रापेक्षा भारी आहे. बुरखे आणि अबाये शिवणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांनीही फार घेरदार, जमिनीवर लोळणारे माप देताना गिऱ्हाईक मुंबई-पुण्यात नोकरीला जाणारी आहे का, हे विचारायला हरकत नाही. स्कूटरच्या चाकात दुपट्टा अडकण्याची गोष्ट आपल्या गल्लीत सर्वांना माहीत आहे. हा दरवाजा त्याचाच भाऊ.

आपल्या मार्गाचे काय?

औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) रेल्वे निजामाच्या काळात १९०० साली आली. मेट्रो इथे नाही. पण आपोआप बंद होणारे दरवाजे आले आहेत. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत नेली. या गाडीत जुनी साखळी शोधू नये. डब्यात आपत्कालीन बटण आहे आणि चालक दलाशी बोलण्याचे यंत्र आहे. बटण दाबून नुसते उभे राहू नये, बोलावे: डबा कोणता, झाले काय, आग आहे की आजार. बोलणाऱ्याच्या दोन वाक्यांवर गाडी कुठे थांबवायची हे ठरते. पोहोचवायला आलेल्यांनी आत चढून गप्पा मारू नयेत. दरवाजे मिटल्यावर पुढच्या स्टेशनापर्यंतचा प्रवास नशिबी येतो, आणि त्यासाठी बटण दाबणे हा पुन्हा गुन्हाच. दोन मिनिटांच्या थांब्यात गठ्ठे चढवणे तर विसरावे. माल पार्सलने किंवा ट्रान्सपोर्टने पाठवावा आणि गाडीत हातातली पिशवी तेवढी न्यावी. शयनयान डब्यातही विनाशुल्क सामानाची मर्यादा ४० किलोच आहे, हे साडीच्या गठ्ठ्यांना आपले अंथरूण-पांघरूण म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट 'कवच'ची. एका रुळावर दोन गाड्या येऊ नयेत, लाल सिग्नल ओलांडला जाऊ नये यासाठी रेल्वेने २०२० मध्ये ही देशी यंत्रणा स्वीकारली. दक्षिण मध्य रेल्वेने ती ज्या मार्गांवर आधी बसवली त्यांत मनमाड-मुदखेड हा आपला मार्ग येतो, ही तसल्लीची बाब आहे. कवचमध्ये एसओएसची सोय आहे. चालकाने किंवा स्टेशन मास्तरने बटण दाबले की आसपासच्या कवच असलेल्या गाड्यांना रेडिओने संदेश जातो आणि त्यांचे ब्रेक लागतात. शेजारच्या रुळावर माणसे उतरली असताना येणारी गाडी चालकाच्या नजरेवर न सोडता थांबवण्याचा हाच मार्ग आहे. अट एवढीच की रुळाला आणि इंजिनाला, दोघांनाही कवच असले पाहिजे. एकाला असून भागत नाही.

साखळी हवेवर चालते आणि कवच रेडिओवर. या दोहोंच्या मध्ये चालक आहे. जुन्या डब्यातून त्याला फक्त काटा पडलेला दिसतो. कोणत्या डब्यात काय झाले हे कळायला कुणीतरी खाली उतरून चालत जावे लागते, आणि तेवढ्या वेळात माणसे दरवाजातून उड्या मारतात. बोलण्याचे यंत्र साध्या शयनयान आणि जनरल डब्यांतही बसवावे, ही मागणी आपल्या व्यापारी संघटनांनी रेल्वेकडे लावून धरण्यासारखी आहे. मुंबईचे कारागीर, भिवंडीचे मजूर, सुरतेचे विणकर याच डब्यांतून जातात. तोवर जनरल डब्यात आगीची बोंब उठली तर आधी धूर कुठे आहे ते डोळ्यांनी पाहावे, बाजूच्या डब्यात सरकावे, आणि उतरणे अगदी भागच पडले तर ज्या बाजूला दुसरा रूळ नाही त्या बाजूने उतरावे. दुहेरी मार्गावर कुठल्या बाजूला रूळ आहे हे रात्रीही खिडकीतून दिसते. भुसावळ-मनमाड मार्गावरून जाणाऱ्यांनी गाडीत बसल्यावर बिस्मिल्लाह म्हणताना एकदा तिकडे पाहून घ्यावे.